ज्ञानेश मिस्त्रीच्या नावावरची भिंत

दौंड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर भूकंपाचं नाव काढलं की तुमची रेंज जाते, म्हणून पत्र.

वस्तीतली घरं तपासायला एका संस्थेच्या मॅडम आल्यात. आपल्या खोलीत तर तासभर रमल्या. पत्र्यावरचे दगड मोजले. कोपऱ्यातला गिलावा खरवडून फटीत काडी घातली, ती सरळ आत गेली. जुन्या आन् नव्या भिंतीच्या विटा एकमेकीत गुंतवलेल्याच न्हाईत, जमीन हलली तर नवी भिंत आत पडंल, म्हणाल्या. तुमची नात समृद्धी तिथंच झोपते आप्पा, मला भ्या वाटतं.

मग त्यांनी गवंड्याचं नाव विचारलं. बापाचं नाव कसं घेऊ? वरवंडच्या ज्ञानेश मिस्त्रीचं ठोकून दिलं.

रागावलात तरी लोभ तेवढा चालू ठेवा.

तुमची,
शितल

कवठे येमाई, ८ फेब्रुवारी

चि. सौ. शितल हिस,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

माझं काम त्या ज्ञानेशच्या नावावर? त्याला धड ओळंबा धरता येत न्हाई. चाळीस वर्षांत माझी एक भिंत पडली न्हाई. आन् दगड नसते तर तुझे पत्रे वाऱ्यानं स्टेशनात गेले असते. खोली माझ्या बापानं, पोपट मिस्त्रीनं बांधलीय, असं मॅडमला सांग. तुझी आई हसतीय. हसू दे.

आप्पा

दौंड, १२ फेब्रुवारी

ती. आप्पांस, सा. न.

सांगितलं. मॅडम लई खूश. तेवीस तारखेच्या रविवारी तुम्हीच सगळ्या वस्तीसमोर खोली नीट करून दाखवायची, असं ठरलंय. दगड उतरवून पत्रे हुकानं आवळायचे, कोपऱ्याला जाळी ठोकून सिमेंट मारायचं. तुम्हाला जमणार नसंल तर ज्ञानेश मिस्त्री यायला तयार हाय. यात माझा कायबी हात न्हाई.

माया असू द्यावी.

शितल

कवठे येमाई, १६ फेब्रुवारी

चि. शितल, अनेक आशीर्वाद.

येतो. ज्ञानेशला थापीला हात लावू देऊ नको.

पोरी, मॅडमचं खरं हाय. ती भिंत मी मागनं वाढवली. विटा गुंतवायच्या तर जुनी भिंत फोडावी लागली असती. तुझे दिवस भरलेले, मी घाई केली आन् वरनं गिलावा फिरवून झाकलं. नऊ वर्षं तुझ्याकडं आलो की त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसतो, तुझ्या कधी ध्यानात आलं न्हाई.

मॅडमला आधी काय बोलू नको. रविवारी वस्तीसमोर मी स्वतः सांगणार हाय. तवर समृद्धीला त्या भिंतीपाशी झोपवू नको.

तुझा,
आप्पा