दुसऱ्यांदा पडलेली वीज

७ मे

काल संध्याकाळी माझ्या नवऱ्यावर, मिथुनवर वीज पडली. जिवंत आहे. कासाच्या दवाखान्यात खाटेवर झोपलाय. मी खाली चटईवर बसून लिहितेय.

भाताच्या रोपांसाठी राब जाळायला पाला आणायचा म्हणून तो आणि त्याचा सोबती दिपक माळाकडे गेले होते. पावसाचे दिवस नव्हेत, तरी दुपारनंतर आभाळ काळं झालं. मी अंगणवाडीतून येऊन दोरीवरचे कपडे काढत होते. असा आवाज झाला की फळीवरची ताटं खाली आली. मग माणसांचा ओरडा. मी पळाले.

बांधावरच्या ताडाच्या शेंड्यातून धूर निघत होता, पावसातही. मिथुन ओल्या मातीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर. पाल्याचा भारा बाजूला पडलेला. दिपक लांब उभा होता. पाड्यातली आणखी माणसं जमली होती, तीही लांबच.

मी म्हटलं, "ऊठ."

तो म्हणाला, "पाय कुठे आहे माझा?"

पाय जागेवर होता. त्यालाच कळत नव्हता.

८ मे

डाव्या कानाने ऐकू येत नाही. पायात हळूहळू जीव येतोय. पाठीवर लाल नक्षी उठलीय, नेच्याच्या पानासारखी, मानेपासून कमरेपर्यंत. नर्स म्हणाली, विजेने अशी उठते कधी कधी, आपोआप जाते. बघायला आलेल्या प्रत्येकाने त्याचा शर्ट वर करून ती बघितली. मिथुनला विचारलं कोणीच नाही.

दिपक आला नाही.

१० मे

घरी आलो. निघताना नर्सने बजावलं, "वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. लगेच हात लावायचा. श्वास नसेल तर छाती दाबत राहायची, दवाखान्यात पोचेपर्यंत." उशीवर दाबून दाखवलं. मी म्हटलं, आता हे कशाला, हा तर बरा झाला. ती म्हणाली, "तुमच्याकडून दर वर्षी कोणीतरी येतं." मिथुन तिच्या हातांकडे बघत होता.

पाठीवरची नक्षी गेली. पाठ पहिल्यासारखी.

१६ मे

सुकऱ्याकाका आला होता, मिथुनचा चुलता. ओट्यावर बसून बिडी संपवली. मग म्हणाला, "तीन वर्षांमागे कापणीत पडली. तेव्हा शेजारची म्हैस मेली, हा वाचला. ही दुसरी. वीज याला ओळखते, पोरी."

मी म्हटलं, "काका, दोन्ही वेळी हा ताडाखालीच होता."

काका म्हणाला, "ताडाखाली सगळेच असतात."

भगताला बोलावलं. कोंबडा दिला. भगत बोलला थोडं, पाड्यात पोचलं जास्त. तिसऱ्या वेळी वीज एकट्याला नेणार नाही, जवळचं माणूस घेऊन जाईल, असं म्हणे तो बोलला. मी तिथेच होते. मी तरी ऐकलं नाही.

मला काय वाटतं? काही वाटत नाही. ताड उंच आहे, वीज उंचावर पडते. शाळेत शिकलेय.

३० मे

नक्षी अजून पाठीवर आहे आणि अंधारात दिसते, असं बोअरिंगवर पाणी भरताना बायका बोलत होत्या. मी म्हटलं, या घरी, बघा. कोणी आलं नाही.

११ जून

कासाला बाजाराला गेलो होतो, मी आणि मिथुन. येताना जीप भरलेली. आम्ही मागच्या बाजूला. चारोटी सोडल्यावर गडगडायला लागलं. समोर बसलेली एक म्हातारी मिथुनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच ना रे तो? रानशेतकडचा?"

मिथुन बाहेर बघायला लागला.

"उतर बाबा. गाडीत पोरंबाळं आहेत."

कोणी तिला गप्प केलं नाही. ड्रायव्हरने नुसती गाडी हळू केली. थांबायच्या आधीच मिथुनने खाली उडी मारली. मी पिशव्या घेऊन मागून उतरले. पाऊस आला. चालत आलो. तो माझ्यापासून बरंच अंतर ठेवून चालत होता. जवळ गेले की आणखी पुढे. मला वाटलं, रागात आहे.

१२ जून

एवढे भिजलो. ताप कोणालाच नाही.

८ जुलै

लावणी सुरू झाली. दर वर्षी दिपककडची लावणी आणि आमची लावणी आम्ही मिळून करतो. आधी त्यांची, मग आमची. मिथुन सकाळी उठून तयार होऊन बसला होता. हाक आली नाही. उन्हं वर आली तेव्हा त्याने टॉवेल खांद्यावरून काढला आणि खुंटीला लावला.

बोअरिंगवर दिपकची बायको जमना भेटली. मी विचारलं. ती म्हणाली, "या वर्षी माणसं पुरेशी आहेत." बोलताना हंड्यात बघत होती.

मिथुन आणि दिपक लहानपणापासूनचे सोबती. एकत्र शाळा सोडली, एकत्र उमरगावला कंपनीत गेले, एकत्र कंटाळून परत आले. आणि आता म्हणे माणसं पुरेशी आहेत.

आमची लावणी मी, मिथुन आणि सासू, तिघांनी करायची. बघू.

१५ जुलै

झाली एकदाची लावणी. कंबर गेली. मिथुन दिवसभर खाचराच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला.

२ ऑगस्ट

मिथुन डबा द्यायला अंगणवाडीत येतो. आज तो गेल्यावर सेविका संगिताताई म्हणाली, "जयश्री, त्याला आत नको बोलवू. मी मानत नाही यातलं काही. पण पोरांच्या आया बोलतात."

मी बरं म्हटलं. खिचडी ढवळत राहिले. खाली लागली थोडी.

घरी येऊन मिथुनला सांगितलं, उद्यापासून डबा मीच नेईन. का ते त्याने विचारलं नाही.

२४ सप्टेंबर

परतीचा पाऊस सुरू झाला. रोज दुपारनंतर ढग, गडगडाट. ढग आले की मिथुन घरातून उठून जातो. ताडी प्यायला जात असेल असं मला वाटायचं. आज पोरीला, शितलला, सासूकडे ठेवलं आणि मागे गेले.

माळावर, जिथे झाड नाही, घर नाही, तिथे खडकाच्या उताराला बसला होता. गुडघे पोटाशी, मान खाली. अंगावर प्लास्टिक.

"इथे काय करतोस?"

"पडायची तर इथे पडू दे. घरात शितल आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. ताडाचं, उंचीचं, मोबाईलवर इशारा येतो त्याचं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुला शाळेतली वीज माहीत आहे."

मग आपणहून बोलायला लागला. लग्नानंतर इतकं सलग बोललेला मला आठवत नाही. म्हणाला, "मी पडलो तेव्हा मला ऐकू येत होतं. हलता येत नव्हतं, डोळे उघडत नव्हते. दिपक म्हणत होता, हात लावू नका, अंगात करंट असेल. सगळे उभे. तोंडात पाऊस जात होता. कोणी मान वळवली असती तरी चाललं असतं. मला वाटलं, मी मेलोय आणि ही माणसं भोवती उभी आहेत. मग हळूहळू हात हलला. माझा मीच उठून बसलो. मग तू आलीस."

मी त्याच्या शेजारी खडकावर बसले.

"घरी जा," तो म्हणाला.

"नाही जात."

"दोघांवर पडली तर पोरीला कोण बघेल?"

"मग चल."

त्याने अंगावरचं प्लास्टिक गोळा केलं. मग उठला आणि माझ्या पुढे चालत घरी आला.  

२९ सप्टेंबर

पुन्हा गडगडलं. पुन्हा गेला. मी गेले नाही. शितलची वेणी घालत बसले. सारखी सुटत होती.

१४ ऑक्टोबर

दिपक गेला.

आज सगळीकडे कापणी चालली होती. दुपारी वारा सुटला, ढग आले. मिथुनने विळा माझ्या हातात दिला आणि माळाकडे निघाला, नेहमीसारखा. मी आणि सासू घरात आलो. खालच्या शेतात दिपक एकटा कापलेल्या भातावर ताडपत्री ओढत होता. दारातून दिसत होता. जमना त्याला हाका मारत होती, राहू दे, ये. तो हात करून सांगत होता, आलो.

मग उजेड. आवाज त्याच्याबरोबरच.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं जमली होती. गोल करून, लांब. दिपक उताणा पडला होता, ताडपत्रीचं टोक मुठीत. जमनाला दोघींनी धरून ठेवलं होतं. "हात लावू नको, तूही जाशील." मी ओरडले, करंट नसतो अंगात. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. मी पुढे निघाले तेवढ्यात मिथुन माळावरून धावत आला, लंगडत. लोक बाजूला झाले. त्याला वाट द्यायला की त्याच्यापासून दूर व्हायला, ते कळलं नाही.

त्याने दिपकच्या नाकाशी हात धरला. मग गुडघ्यांवर बसून छाती दाबायला लागला. नर्सने उशीवर दाखवलं होतं तसं. पाऊस कोसळत होता. मी जीपवाल्याला फोन लावला. मागून कोणीतरी म्हणालं, "सोड मिथुन, गेला तो." त्याने सोडलं नाही. जीपमध्ये घातल्यावरही दाबत होता. त्याचे हात थकले की मी, मग परत तो. जमना दिपकचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कासापर्यंत आम्ही दाबत राहिलो.

डॉक्टरने मिथुनला खांद्याला धरून बाजूला केलं.

१५ ऑक्टोबर

अग्नी दिला. मिथुन सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

सुकऱ्याकाका मला म्हणाला, "भगत बोलला होता. जवळचं माणूस नेईल."

मी म्हटलं, "मिथुन तिथे नव्हता. माळावर होता."

"माळ असा काय लांब आहे?"

 मी घरी आले.

१९ ऑक्टोबर

मिथुन उमरगावला जायचं म्हणतो. कंपनीत, शेडमध्ये राहायचं. एकटाच. तू आणि शितल इथेच बऱ्या, म्हणाला. मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

आमचं भात कापून झालं. जमनाचं अजून शेतात आहे, अर्धं आडवं झालंय. मदतीला कोणी जात नाही. त्या शेतात पाय ठेवायला लोक घाबरतात.

२२ ऑक्टोबर

बॅग भरली त्याने. दोन शर्ट, एक पँट, चादर. शितलने विचारलं, पप्पा कुठे चालला? मी म्हटलं, कामाला.

२३ ऑक्टोबर

सकाळी जमना आली. बॅग दाराशीच होती. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून मिथुनशी बोलली.

"तो विजेला घाबरून तुझ्यापासून लांब नव्हता. तुझ्याकडे बघायची लाज वाटायची त्याला. मी हात लावला नाही, असं म्हणायचा, आणि ताटावरून उठायचा. लावणीला तुला बोलवू म्हटलं मी, तर म्हणाला, कुठल्या तोंडाने."

मिथुन चांगला कान तिच्याकडे करून ऐकत होता.

"भात पडलंय," जमना म्हणाली. "येशील का?"

गेलो. सासू आली, शितलही आली. दुपारी ढग आले. मिथुनने वर बघितलं, विळा खाली ठेवला आणि सगळ्यांना जमनाच्या घरात आणलं. मला वाटलं, आता हा माळावर जाणार. तो आत आला. दार लोटलं आणि आमच्यात बसला.