निरवांगीच्या संगणकांवरील ‘ओटा’ पुसण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
तालुका संगणक साहाय्य कक्ष,
इंदापूर, जि. पुणे.

विषय : सार्वजनिक वाचनालय, निरवांगी येथील संगणकांवरील ‘ओटा’ ही प्रणाली पुसण्यास हरकत नसल्याबाबत, मात्र त्या दिवशी एका गृहस्थांना हजर राहू देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आपल्या कक्षाचा आदेश.

महोदय,

अर्जदार बुद्धघोष रतन मखरे, रा. निरवांगी, हा सदर वाचनालयाचे संगणक विनामोबदला सांभाळतो. आदेश मिळाला, वाचला, मान्य आहे. परंतु त्यात ‘संगणकांत भुताटकीसारखा प्रकार घडत असल्याच्या ग्रामस्थांच्या तक्रारीवरून’ असे शब्द आले आहेत. त्या शब्दांमागे एक माणूस आहे आणि त्या माणसाची हकीकत दप्तरी कुठेच नाही. म्हणून अर्ज थोडा लांबला, त्याबद्दल क्षमा असावी.

१. वाचनालयाला मिळालेले संगणक एका कार्यालयाने मोडीत काढलेले होते. बटण दाबून पोरे बाहेर खेळायला जात आणि परत येईपर्यंत यंत्र जेमतेम जागे झालेले असे. भंगारवालाही बघून गेला होता. अर्जदार त्या वेळी बारामतीला एका कंपनीत नोकरीस होता. तिथेच कु. स्वरूपा विजयसिंह भापकर, रा. लोणी भापकर, ही कामाला होती. एका रविवारी ती निरवांगीला आली, यंत्रे उघडून पाहिली आणि म्हणाली, “ही म्हातारी न्हाईत रे झाली. यांच्या डोक्यावर बोजा लई झालाय.”

२. बोजा कसला, ते सांगणे भाग आहे. हल्ली प्रत्येक ॲप आपला वेगळा संसार घेऊन येते. खिडकी काढायचे सामान त्याचे वेगळे, बटणाचे वेगळे, अक्षरांचे वेगळे. जुन्या यंत्राला ते पेलत नाही. स्वरूपाने ठरवले की चूल एकच ठेवायची. खिडकी, बटण, यादी, लिहायची चौकट हे सगळे काढून देणारे एकच टूलकिट तिने लिहिले. त्यावर अर्जदाराने फायली पाहण्याचे, लिहिण्याचे, चित्रे बघण्याचे, गाणी ऐकण्याचे अशी ॲप्स बसवली. कुठल्याही ॲपने टूलकिटची वेगळी प्रत जवळ बाळगायची नाही, हा तिचा कडक नियम होता. एका जागी रंग बदलला की सगळीकडे बदलावा, एका जागचे काढले की सगळीकडून जावे. यंत्रे हलकी झाली, पळू लागली. या डेस्कटॉपला ‘ओटा’ हे नावही तिचेच. कुणीही यावे, टेकावे, उठून जावे. बटणांवर तिने ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ लिहिले तेव्हा अर्जदाराने हरकत घेतली. “तुज्या घरात कुणी होय म्हणतं का?” एवढेच तिने विचारले. बटणे तशीच राहिली.

३. त्या टूलकिटमध्ये तिने आणखी एक गोष्ट ठेवली होती. खिडकी उघडी ठेवून कुणी बराच वेळ कळफलकाला हात लावला नाही, तर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रश्न उमटे : ‘हायेस का?’ हात लागला की प्रश्न नाहीसा होई. टूलकिट एकच असल्याने कोणत्याही ॲपमध्ये तोच प्रश्न येई. पोरांना त्याची इतकी सवय झाली की काही जण पडद्याकडे न बघताच “हाय, हाय” म्हणत.

४. गेल्या वर्षी स्वरूपाला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. अर्जदार तिची माती करून गावी परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाचनालय उघडले. संगणक कुणीतरी चालूच ठेवले होते. पाठोपाठ झाडायला फुलाबाई आत आल्या. ओळीने मांडलेल्या सगळ्या पडद्यांवर एकच प्रश्न होता. फुलाबाईंना वाचता येते. त्यांनी झाडू खाली ठेवला. “भाऊ, ही तुमची ती पोरगीच इचारतीया,” असे म्हणून त्या मागे मागे सरत बाहेर गेल्या, त्या आजतागायत आत आलेल्या नाहीत. अर्जदाराने हरप्रकारे समजावले की हा प्रणालीचाच भाग आहे. परंतु गावात बोलणे पसरले. आयाबायांनी पोरे पाठवायची बंद केली. शेवटी वाचनालय समितीने तो प्रश्न काढून टाकायला सांगितले.

५. अर्जदाराने तो काढला. काम एका ओळीचे होते. तिच्या नियमाप्रमाणे एका जागी काढला आणि सगळीकडून गेला. प्रत्येक यंत्रासमोर बसून, हात मांडीवर ठेवून, वाट पाहून खात्री केली. पोरे परत येऊ लागली.

६. स्वरूपाचे वडील श्री. विजयसिंह भापकर ती गेल्यापासून बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवरून निरवांगीला येत असत. घरी ते एकटेच आहेत. पत्नी आधीच वारल्या. कोपऱ्यातल्या यंत्रावर लिहायची खिडकी उघडून ते नुसते बसत. त्यांना टंकता येत नसावे असे समजून अर्जदार शिकवायला गेला, तर “ऱ्हाऊ दे” म्हणाले. प्रश्न काढल्यानंतरच्या बाजारी ते आले आणि बसले. पोरे आली, गेली, तरी ते उठेनात. मग त्यांनी हाक मारली, “बुद्धघोष, आज इचारीना रं ती?”

अर्जदाराने खरे ते सांगितले, “आण्णा, मी काढून टाकलं. लोक भ्यायले.”

“तसं व्हय,” ते म्हणाले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, “ती ह्यात न्हाय, ते कळतंय मला. म्या काय येडा न्हाय. पर घरात आता कुणी इचारत न्हाय, हायेस का गेलास म्हणून. हितं आलं की तेवढं कुणीतरी इचारायचं.”

७. अर्जदार त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला. तांब्या घेऊन परतला तेव्हा श्री. विजयसिंह उठून, खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पडद्याच्या तळाशी, नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच बारीक अक्षरांत लिहिलेले होते : ‘आण्णा, हायसा का?’

महोदय, जुन्या प्रश्नात ‘आण्णा’ नव्हते. ‘हायसा’ नव्हते. तो प्रश्न कुणालाही उद्देशून होता. श्री. विजयसिंह यांनी एकेक अक्षर लावत तो वाचला आणि ती आतल्या खोलीतून बोलत असावी इतक्या सहज म्हणाले, “हाय की.” प्रश्न नाहीसा झाला. कळफलकाला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

८. अर्जदार शिकलेला आहे आणि भूतप्रेत मानत नाही. त्याच्या घरात ते कधीच मानले गेले नाही. त्याने टूलकिट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले. ते वाक्य त्यात नाही. जुनी प्रत कुठे राहिली असेल म्हणून शोधले, तर तीही नाही. कुणी खोडी काढली म्हणावे, तर आत तिसरे कोणी नव्हते. दुःखात डोळ्यांना भास होतो, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु दोघांना एकच अक्षरे दिसावीत, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. याबाबत तो कोणताही दावा करीत नाही. त्यानंतर तो स्वतः त्याच खुर्चीत, कळफलकापासून हात दूर ठेवून, अनेक दुपारी बसला. त्याला कुणी काही विचारलेले नाही. तिने त्याला विचारावे असे काही कारण होते किंवा कसे, हे लिहिणे या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

९. झाला प्रकार श्री. विजयसिंह यांनी आनंदाने चहाच्या टपरीवर सांगितला. त्यातूनच आपल्याकडे तक्रार आली आणि आदेश निघाला. ‘ओटा’च्या जागी बसवायची नवी प्रणाली या यंत्रांना पेलणार नाही, ती पुन्हा मोडीत जातील, हे अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणतो. पण त्यासाठी अडून बसत नाही. आदेश घेऊन तो लोणी भापकरला गेला. श्री. विजयसिंह गोठ्यात होते. त्यांनी तो अर्जदाराकडून पूर्ण वाचून घेतला आणि म्हणाले, “पुसा. सरकारी काम हाय, आडवू नगा. फकस्त त्या दिवशी मला एकदा बसू द्या. तिला सांगून निघतो. दवाखान्यात मला आत सोडलं न्हवतं.”

तरी विनंती की, कोपऱ्यातले यंत्र सर्वांत शेवटी पुसावे. ते पुसण्याचे काम आपल्या कक्षातील कर्मचाऱ्याकडून व्हावे. अर्जदाराचा हात चालणार नाही, हे तो आताच कळवून ठेवतो. आणि श्री. विजयसिंह जोवर समोर बसलेले आहेत, तोवर ते यंत्र बंद करू नये. ते किती वेळ बसतील, हे अर्जदार सांगू शकत नाही. कर्मचाऱ्यास घाई असल्यास त्याने बाहेर पारावर थांबावे. चहाची व्यवस्था केली जाईल.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार

(सही)
बुद्धघोष रतन मखरे
निरवांगी, ता. इंदापूर
दि. ६ जानेवारी २०२५

सोबत :
१. आदेशाची प्रत.
२. टूलकिटचा संपूर्ण छापील मजकूर. आपल्या कक्षातील जाणकाराने कृपया एकदा वाचून पाहावा. वाक्य सापडल्यास कळवावे; न सापडल्यास कळवू नये.