एक चमचा तेल, चार माणसं

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज एअर फ्रायर घेतला. हौस म्हणून नाही. हौसेला माझ्या जमाखर्चात खातंच नाही. डॉक्टरांनी ह्यांना तेल कमी करायला सांगितलं, तेव्हापासून हे घरात असे वावरतायत जणू डॉक्टरांनी श्वासच कमी घ्यायला सांगितलाय. म्हटलं, ह्या वयात नवऱ्याचे हाल नकोत.
दुकानातला विक्रेता चांगल्या घरचा वाटला. मला आई म्हणाला. तसा सगळ्यांनाच म्हणत असेल, पण मला म्हणताना आवाज वेगळा होता. छातीवर हात ठेवून म्हणाला, आई, एक चमचा तेलात चार माणसांचं होतं. देवाला मानणारा असावा. आधी मोठ्या टोपलीचा दाखवत होता. मी विचारलं, धाकट्यात होतं ते काम मोठ्याला कशाला द्यायचं? तो म्हणाला, आई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येत नाही. धाकटाच घेतला.
घरी येऊन देवासमोर उभी राहिले आणि सांगितलं, आजपासून ह्या घरात तळण बंद. मोठ्याने सांगितलं. देवाला हळू बोललेलंही कळतं, पण ह्यांना नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी
देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. बटाट्याच्या फोडी. टोपलीत एका माणसापुरत्या मावल्या, दाबून बसवल्या तर दीड. म्हणजे चार फेऱ्या. पहिली ह्यांची, दुसरी मुलाची, तिसरी सूनबाईची, शेवटची माझी. माझी येईपर्यंत बाकीचे हात धुऊन उठले होते.
विचार केल्यावर लक्षात आलं की हे उलट चांगलंच आहे. प्रत्येकाला ताजं, गरम. मोठ्या हॉटेलात असंच असतं. पूर्वी सगळे एकदम बसायचो, तेव्हा वाढणाऱ्याच्या वाट्याला गार यायचं. (वाढणारी मीच. पण तत्त्व म्हणून लिहिते.)
तेल: एक चमचा. विक्रेत्याचा शब्द खरा.

९ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या घरी वर मुलगा-सून यांची खोली, खाली आम्ही दोघं. स्वयंपाकघर एकच, खाली, माझ्या हातात. साडेसात वाजले की टेबलाच्या चारही खुर्च्या भरलेल्या. ह्या एका गोष्टीमुळे आमच्या घराकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही. जाऊबाईंकडे दोन सुना आणि दोन स्वयंपाकघरं. मी त्यांना त्यावरून एक शब्द बोललेले नाही. त्यांच्याकडे गेले की नुसता सुस्कारा टाकते.
आज सूनबाईने आपणहून विचारलं, आई, ह्याला काय काय लागतं हो? (ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या करते, यंत्रांची आवड आहे.) मी मन लावून समजावलं. म्हटलं, अगं काही लागत नाही. गॅस नको, ओटा नको, खिडकी नको. भिंतीला एक प्लग असला की माणूस झोपायच्या खोलीतसुद्धा स्वयंपाक करील. तिने दोनदा विचारलं, झोपायच्या खोलीतसुद्धा? मी म्हटलं, सुद्धा!
शिकायची वृत्ती आहे. सून चांगली मिळाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
फुलकोबी. वरून काळा, आतून कच्चा. हे म्हणाले, हा तुकडा डॉक्टरांना दाखवून येतो, नेमकं काय बंद करायचंय ते विचारतो. टोमणा. तेल सुटलं की माणूस काही दिवस चिडका होतो, शरीर शुद्ध होत असल्याचं लक्षण आहे. हे कुठे वाचलेलं नाही, आतून जाणवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
पावाचे तुकडे भाजायला ठेवले. आत पंखा असतो हे विक्रेत्याने सांगितलं होतं, पण वारा इतका असेल असं नाही. तुकडे उडून वरच्या तारेला चिकटले. धूर. मुलगा जिन्यावरूनच ओरडला, आई, काय जळतंय? मी म्हटलं, काही नाही, पाव वर गेलाय. तो धावत गच्चीवर जाऊन आला.
यंत्र जरा तापट आहे. माणसाळायला वेळ द्यायला हवा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
पाळ्यांची पद्धत आता अंगवळणी पडली. ह्यांची फेरी झाली की मी जिन्याखालून हाक मारते, मग मुलगा येतो. तो वर गेला की सून येते. टेबलाशी एका वेळी एकच माणूस. स्वच्छता राहते.
शेजारच्या शिंपीणबाई ब्लाउजचं माप घ्यायला आल्या, तेव्हा मी माझी फेरी खात बसले होते. तीन रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, अगंबाई, सगळे गावाला गेलेत का? मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे नंबर लावतात. त्या म्हणाल्या, दवाखान्यात लावतात तसे? ह्या बाईंना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही. दंडाचं माप त्यांनी जास्त घेतलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
यश! सगळ्यांची भूक निम्म्यावर आली. मुलगा चार फोडी खातो आणि म्हणतो, पोट भरलं गं. सूनबाई दोन खाते. हे तर आज नुसता वास घेऊन उठले. बटाटे निम्मे लागतायत. तेलाची बाटली तशीच. असा एकही खर्चाचा रकाना नाही जो खाली आला नाही. (विजेचा आला नाही. वर गेला. पण तो उन्हाळ्यामुळे.)
ह्यांचा पट्टा मात्र एक भोक पुढे सरकला. इतकं कमी खाऊन! शरीरात हवा धरली असणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
मुलाच्या खोलीतला पंखा आवाज करतो. हे रोज संध्याकाळी बघायला वर जातात. आयुष्यभर गोदामात स्टोअरकीपर होते, पंखे मोजण्यापलीकडे पंख्यांशी संबंध आला नाही. पण पोटच्या पोरासाठी जीव तुटतो. तासाभराने उतरतात ते ओठ पुसत, समाधानाने. मी विचारलं, झाला का? म्हणाले, अजून थोडा आहे, उद्या बघतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार
संध्याकाळी घरभर खमंग वास. बटाटे, मिरपूड, लसूण. माझ्या टोपलीतला वास असा नसतो. लगेच ओळखलं, शिंपीणबाई. दारात जाऊन त्यांना तेलाचे दुष्परिणाम नीट समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, अहो, माझ्याकडे आज नुसता भात आहे, ताप आहे मला. तोंडावर खोटं! त्यांच्यासाठी आज प्रार्थनेत एक जादा मिनिट दिलं. तापासाठी नाही, खोट्यासाठी.

३ मार्च, मंगळवार
संध्याकाळी साडेसातला फ्रायर लावला की घरातले सगळे दिवे जातात. काल गेले, आज गेले. हे वरून ओरडतात, गेले गं! मी खालून म्हणते, कळलं. मग मुलगा उतरून मेन स्विच वर करतो, माझ्याकडे न बघता वर जातो.
दिवे जाणं हा इशारा असावा असं माझं मन सांगतं. आधी देव, मग पोट. उद्यापासून प्रार्थना लांबवायची.

४ मार्च, बुधवार
प्रार्थना लांबवली. डोळे मिटून अगदी शांत वाटलं. उठून बटण दाबलं. दिवे गेले.
देवा, मी आणखी काय करू?

५ मार्च, गुरुवार
दुकानात फोन. तोच विक्रेता. मी म्हटलं, अरे, मी आई बोलतेय. तो म्हणाला, कोण आई? मी सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, मॅडम, लहान मॉडेल एकट्या माणसासाठी असतं, खोक्यावर चित्र आहे, बघा. खोकं काढून बघितलं. चित्रात एकच ताट.
मॅडम म्हणाला. छातीवर हात ठेवणाऱ्या माणसाचा हात नेमका कुठे असतो, हे फोनवर कळतं.

७ मार्च, शनिवार
दुपारी वायरमन आला. मेन स्विच उघडून बघितला आणि हसला. म्हणाला, काकू, वायरिंगला काही झालेलं नाही. खाली एक आणि वर एक, दोन्ही एकदम लावता, मग लोड येणारच. मी म्हटलं, वर एक काय? तो म्हणाला, हेच की. काकांनी मागच्या महिन्यात मला बोलावून वरच्या खोलीत जाड प्लग बसवून घेतला, नवीन एअर फ्रायरसाठी. त्याला ती टोपली हातांनी दाखवावीशी वाटली. हात बरेच लांब केले.
त्याने पैसे घेतले नाहीत. चहाही नको म्हणाला. माझ्याकडे बघून घाईने गेला.
पंखा!

७ मार्च, सायंकाळी
आयुष्यात पहिल्यांदा सूचना न देता वर गेले. दार लोटलेलं. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर माझा नवरा, मांडी घालून, तोंड भरलेलं. माझा मुलगा. माझी सून. मध्ये वाफाळलेलं टोपलं. ह्यांनी गिळलं, त्याचा आवाज आला.
मी म्हटलं, वेगळी चूल मांडलीत? मुलगा म्हणाला, आई, चूल कसली, प्लग आहे. सूनबाई म्हणाली, आई, तुम्हीच म्हणालात झोपायच्या खोलीतसुद्धा होतं. मी म्हटलं, ते यंत्राचं कौतुक होतं, परवानगी नव्हती. ती म्हणाली, तुमच्या टोपलीत एकाचंच होतं हो. एक जेवतोय, तिघं वाट बघतायत. ह्याच्यात चौघांचं एकदम होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? मुलगा म्हणाला, तू देवासमोर इतकं मोठ्याने बोलली होतीस, कोण सांगणार? आणि तुला वाईट वाटलं असतं.
आता फार बरं वाटतंय!
ह्यांना विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय? म्हणाले, ह्याच्यातही एकच चमचा तेल लागतं गं, डॉक्टरांचं काही मोडलं नाही.

८ मार्च, रविवार
निर्णय: जिना चढायचा नाही. ज्यांना आई हवी असेल ते उतरतील.
मुलगा उतरला. एक तोडगा घेऊन. म्हणाला, आई, तू साडेसहाला लाव, आम्ही साडेसातला लावतो, म्हणजे लाईट जाणार नाही. माझ्याच घरात मला वेळ नेमून दिली.

१० मार्च, मंगळवार
हे म्हणाले, मी खालीच जेवणार, तुझ्याबरोबर. डोळ्यांत पाणी आलं. चार फोडी खाल्ल्या. साडेसात वाजता उठून उभे राहिले आणि छताकडे बघू लागले. मी म्हटलं, जा, पंखा वाट बघत असेल. गेले! मी मारला टोमणा, आणि ह्यांना ती रजा वाटली.

१३ मार्च, शुक्रवार
जाऊबाई नेमक्या आजच आल्या. मी सांगितलं, मुलं कामात असतात, एवढ्यात येतील खाली. तेवढ्यात वरून ह्यांचं हसणं ऐकू आलं, मग वाट्यांचा आवाज, मग तो वास. जाऊबाईंनी वर बघितलं. माझ्या एका ताटाकडे बघितलं. आणि नुसता सुस्कारा टाकला.
असा सुस्कारा मनाला किती लागतो हे मला माहीत नव्हतं.

१६ मार्च, सोमवार
देवाजवळ मन मोकळं केलं. म्हटलं, विक्रेता परका, त्याचं सोड. पण ज्यांना मी इतकी वर्षं गरम वाढलं त्यांनी एका टोपलीसाठी मला सोडलं. तू तरी माझ्या बाजूचा आहेस ना? वरून सूनबाईची हाक आली, आई, येताय का जेवायला? मी बहिरी झाले.

१९ मार्च, गुरुवार
दोन यंत्रं एका मीटरवर चालवणं म्हणजे उधळपट्टी. वीजही शेवटी देवाचीच. तेव्हा केवळ काटकसर म्हणून आज माझं यंत्र बंद ठेवलं. आणि केवळ पाहणी करायची म्हणून साडेसातला जिना चढले.
सतरंजीवर चार ताटं मांडलेली. मी विचारलं, मी येणार हे कोणी सांगितलं? मुलगा म्हणाला, कोणी नाही, ही रोज चारच मांडते. मी विचारलं, मग माझ्या ताटातलं रोज कोण खात होतं? ह्यांनी पट्ट्याला हात लावला आणि नजर वळवली.
जेवण बरं होतं. मीठ किंचित कमी, तेवढं सांगितलं. फोडी एकसारख्या लाल, कुठेही काळं नाही. कितीतरी दिवसांनी सगळे एकदम जेवत होतो. ह्यांचं ताट रिकामं दिसलं, तशी मी सवयीने टोपल्याकडे हात करून उठले.
सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही बसा, मी वाढते.
बसले.