बाबांचे नवे दात आणि माझा स्टेक

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (एरवी हे आपण नुसतं लिहितो. आज मी खरोखरच स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा पडून लिहितोय, कारण धूर वर जातो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? पट्टी अजून निघाली नसेल, तर हे पत्र कुणाकडून तरी वाचून घे. फक्त तो माणूस पोटात गोष्ट ठेवणारा असावा. घराण्याची अब्रू आहे.

आमचं म्हणशील तर मी जिवंत आहे, घर उभं आहे आणि बाबा जेवत नाहीत. आई गेल्यापासून त्यांचं जेवण म्हणजे दोन चमचे सूप आणि वर 'पुरे' हा एक शब्द. दिवसभर खिडकीपाशी बसतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, ती बघतात. मला आधी वाटलं, जुनी कवळी ढिली झाली म्हणून खात नसतील. आता मी पडलो दातांचा कारागीर! डेंटिस्ट लोक जबड्याचे साचे पाठवतात आणि मी वर्कशॉपमध्ये बसून त्यावर कवळ्या घडवतो. आयुष्यभर परक्यांच्या तोंडात हसू बसवलं आणि सख्खा बाप बोळक्याने सूप पितोय, हे काही मनाला पटेना. म्हणून जीव ओतून त्यांच्यासाठी नवी कवळी केली. (हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं. असे दात त्यांना पंचविशीतही नसतील.) ती बसवली आणि मोठ्या हौसेने विचारलं, ‘‘बाबा, आता पहिल्यांदा काय चावून बघायचं?’’ भिंतीवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘‘स्टेक.’’

आई गेल्यावर 'पुरे' सोडून त्यांनी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द असावा. मी हरखूनच गेलो. बंदरावर क्रेन चालवायचे तेव्हा कॅन्टीनमध्ये खात असतील, असा माझा अंदाज. म्हटलं, त्यात काय मोठंसं? मांसाचा एक जाड तुकडा, एक पॅन आणि खाली आग. आदिमानवाला जमलं ते मला न जमायला काय झालं? आत्या, आदिमानवाबद्दल माझ्या मनात आता फार आदर आहे.

पहिला तुकडा मी फ्रीजमधून काढला तसाच थंडगार, ओलाकच्च, पातळ नॉनस्टिक पॅनमध्ये ठेवला, आणि करपू नये म्हणून खाली गॅस बारीक केला. मला वाटलं होतं चर्रर्र आवाज येईल. आवाज आला तो एखाद्याने उसासा टाकावा तसा. मग तुकड्याला पाणी सुटलं, आणि तो त्या पाण्यात निवांत शिजत बसला. रंग आला तो आमच्या वर्कशॉपमधल्या प्लॅस्टरचा. बाबांनी काट्याने त्यावर ठोकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न खाताच 'पुरे' म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी भित्रेपणा सोडला. गॅस मोठा केला, तेल कडकडीत तापवलं, आणि तुकडा तसाच ओला वरून सोडला. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. तेलाचे थेंब छतापर्यंत उडाले. धुराचा अलार्म कोकलायला लागला. दार उघडंच होतं, तिथून समोरच्या मुख्याध्यापिकाबाई (निवृत्त आहेत, पण आवाज अजून नोकरीवर आहे) ओलं ब्लँकेट घेऊन धावत आल्या आणि त्यांनी ते माझ्यावर टाकलं. आग मला लागलेली नव्हती. खरं तर आग कुठेच लागलेली नव्हती. पण ब्लँकेटच्या आतून हे पटवून देईपर्यंत माझा हात पॅनला लागला, आणि स्टेक उडून सिंकमधल्या साबणाच्या पाण्यात पडला. बाबांनी खिडकीकडची मान वळवून एकदा पाहिलं, एवढीच काय ती कमाई.

मग मी रीतसर अभ्यासाला लागलो. आत्या, या विषयात जेवढी माणसं तेवढे पंथ. मोबाईलवर एकजण सांगतो की स्टेक एकदाच उलटायचा, दुसऱ्यांदा हात लावाल तर खबरदार. दुसरा सांगतो सारखा उलटत राहा, नाहीतर वाया गेलात. मीठ आधी लावा, मीठ शेवटी लावा. खाटकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या घरी सगळे मासे खातात.’’ अखेर मीच मनाचा हिय्या केला. जाड बुडाचा लोखंडी पॅन आणला. तुकडा आधीच फ्रीजबाहेर काढून ठेवला, न्हाऊन आलेल्या तान्ह्या बाळाला टिपावं तसा फडक्याने कोरडा टिपला, मीठ-मिरी लावली. पॅन चांगला तापू दिला, तेल जेमतेम घातलं, आणि स्टेक माझ्याकडून दूर जाईल असा अलगद आडवा केला. चर्रर्र! आत्या, काय आवाज होता! तो ऐकत मी हात मागे बांधून उभा राहिलो. खालची बाजू तांबूस-तपकिरी होऊन आपणहून सुटली तेव्हाच उलटला. चरबीची कड चिमट्याने उभी धरून भाजली. शेवटी आच कमी करून लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, आणि पॅन तिरका करून ते लोणी चमच्या-चमच्याने वर ओतत राहिलो. मग खाली काढून थोडा वेळ मुरू दिला (हाच सगळ्यांत कठीण भाग, माणूस सुरी घेऊन नुसता बसतो) आणि मांसाच्या धाग्यांना आडवे काप केले. वरून खरपूस, आत गुलाबी, रसाळ. मुख्याध्यापिकाबाईंनी एक काप खाल्ला आणि चक्क गप्प बसल्या. (धूर मात्र नीट जमलेल्या स्टेकचाही होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

बाबांनी दोन काप खाल्ले. दात सुरेख चालले, मी बघत होतो. मग काटा खाली ठेवला, तोंड पुसलं, अगदी परक्या माणसाला म्हणावं तसं ‘‘छान आहे’’ म्हणाले आणि परत भिंतीकडे तोंड करून बसले.

ही आत्ताची गोष्ट आहे. बिघडला असता तर बरं झालं असतं गं. मला येत नाही म्हणून ते खात नाहीत, असं तरी म्हणता आलं असतं. आता जमला, तरी खात नाहीत. यापुढे काय करायचं ते ना मोबाईलवर आहे, ना माझ्या डोक्यात. मी हरलो. डोळा बरा झाला की महिनाभर त्यांना तुझ्याकडे ने. तू बहीण आहेस, तुझं ऐकतील.

तुझा,
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून पुढचं लिहितो. आणलेल्यापैकी एक तुकडा उरला होता. वाया नको म्हणून आज तो पॅनमध्ये टाकला, तेवढ्यात एका डेंटिस्टचा फोन आला. त्याच्या पेशंटची कवळी बोलताना शीळ घालते म्हणे. मी बाल्कनीत जाऊन त्याच्याशी तावातावाने भांडत बसलो आणि परत येतो तो काय, स्टेकची एक बाजू पार कोळसा, दुसरी जवळजवळ कच्ची. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, पॅन घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे वळलो, तर दारात बाबा. काठी न घेता आले होते.

‘‘फेकतोस कुठे? दे इकडे.’’

‘‘बाबा, हा जळलाय.’’

‘‘दिसतंय मला.’’

तिथेच ओट्याला टेकून त्यांनी तो अख्खा संपवला. कुरुमकुरुम आवाज येत होता. शेवटचा घास खाऊन म्हणाले, ‘‘तुझी आई असाच करायची. गॅसवर ठेवायची आणि जिन्यात गप्पा मारायला जायची. किती भांडलो असेन!’’ आणि मग आत्या, ते बोलतच राहिले. मला समजायला लागायच्या आधीच त्यांचे दात गेले आणि आईने स्टेक करणं सोडलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाले, धूर फार झालाय. तोवर धूर कधीच निघून गेला होता.

ता. क. २. पत्र अजून घरातच आहे, ते बरंच झालं. बाबांना न्यायचं राहू दे. खरं काम वेगळंच आहे. त्यानंतर मी पुन्हा तसा करून पाहिला, पण आता हात बसलाय, ऐन वेळी नकळत आच कमी करतो. मुद्दाम जाळला तर बाबा एका घासात ओळखतात, ‘‘हा नाही’’ म्हणतात. तू कॉलेजला असताना त्यांच्याकडेच राहायचीस ना? आईच्या हातचं खाल्लंयस. ती कुठली बाजू जाळायची? वर झाकण ठेवायची का? जिन्यात कुणाशी बोलायची, आणि त्या बाई किती बोलायच्या? आठवेल ते सगळं लिही. पण पत्र घरी नको, वर्कशॉपवर पाठव. काल बाबा मुख्याध्यापिकाबाईंना सांगत होते, पोरगा अगदी आईवर गेलाय, गॅसवर लक्ष ठेवणं याला जन्मात जमायचं नाही.