मॅटवर राहिलेले बूट

बेडसे, सोमवार

तीर्थस्वरूप सखारामभाऊंच्या चरणी धाकट्या सोपानचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. तुंगार्लीची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवते का आणि नात सृष्टी आजोबांना चहात साखर घालू देते का, ते कळवावे. आपल्यात अंतर ते किती, तरी पत्र लिहितो आहे, कारण फोनवर आपल्या भाच्याचं, आदिनाथचं, नाव निघालं की तुमच्या मोबाईलची रेंज जाते (लोणावळ्यात बाकी कुणाची जात नाही). कागदाला ती सोय नाही, म्हणून कागद.

परवा दिल्लीला आदिनाथची शेवटची कुस्ती झाली. तुम्हीच त्याचे पहिले वस्ताद, तुमच्याच तालमीत तो लाल मातीत वाढला, तेव्हा तुम्हाला सांगायला नको. पण भाताचं पोतं मिठीत घेऊन बांधावरून चालणारा हा गडी पायात मात्र कच्चा. समोरच्याने पायाला धरून ओढलं की हा पाठीवर. पुढे पुण्याच्या प्रशिक्षकांनी त्याची मिठी बघितली आणि त्याला ग्रीको-रोमन कुस्तीत घातलं, जिथे कमरेखाली धरायचंच नाही. तुम्ही म्हणालात, "पायाला हात लावायचा न्हाई, मग ती कुस्ती हाय का याह्यांची गळाभेट?" आणि त्याच्याशी बोलणं टाकलंत. गळाभेट म्हणालात ते अगदीच खोटं नाही. फक्त या गळाभेटीत तो व्याह्याला उचलतो आणि डोक्यावरून मागे टाकतो.

तसं टाकत टाकत तो किरगिझस्तान, इराण, हंगेरी फिरून आला. आशियाई ब्राँझ आणलं तेव्हा गावाने ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. सरपंचांनी भाषणात 'आपला आदिनाथ ग्रीस आणि रोम दोन्हीकडे जिंकला' असं ठोकून दिलं (तो दोन्हीकडे कधी गेलेला नाही). हा आपला खाली मान घालून उभा, कान मार खाऊन भज्यासारखे झालेले. मळवलीच्या सरूबाई मावशींनी विचारलं, "रोमात भात पिकतो का रं?" तर "इचारून सांगतो, मावशी" म्हणाला, आणि पुढच्या स्पर्धेत खरोखर एका इटलीच्या पैलवानाला विचारून आला. पिकतो म्हणे. मावशींना घरी जाऊन सांगितलं. एवढं नाव झालं तरी पोरगा असा आहे, भाऊ.

तर दिल्ली. खांदा गेले वर्षभर दुखत होता, हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. समोर इराणचा तरणा पैलवान, दरवाजासारखा. दोघे छातीला छाती लावून असे रेटत होते की माझ्याच बरगड्या दुखायला लागल्या. इथे पाय धरायचाच नाही हे विसरून मी सवयीने ओरडलो, "पट काढ, पट काढ," तेव्हा शेजारचा हरियाणाचा म्हातारा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. एकदा आदिनाथने त्याला उचललाही, पण खांद्याने साथ दिली नाही. थोडक्यात हरला. त्या इराणच्या पोराने येऊन याचाच हात वर धरला.

मग आदिनाथ मॅटच्या मधोमध बसला, बूट सोडले, नीट जोडीने ठेवले, मॅटला कपाळ टेकवलं आणि अनवाणी चालू लागला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, हरल्याच्या दुःखात पोरगं बूट विसरलं. आणि परक्या गावात बूट असे उघड्यावर टाकून चालतंय का? (आपल्या लेण्यांच्या पायथ्याशी माझी नवी चप्पल गेली होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे.) मी कठड्याखालून आत शिरलो. एक स्वयंसेवक आडवा आला, त्याला मी तुम्हीच शिकवलेली बगल दिली. बूट उचलले आणि त्याला गाठून म्हणालो, "आरं, बूट राह्यलं की."

त्याचे डोळे भरलेले होते. माझ्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आणि रडता रडता हसायला लागला. म्हणाला, "मामा, ठिवून या. कुस्ती सोडताना बूट तितंच ठिवायचं असत्यात."

मग एवढ्या लोकांसमोर मी ते परत नेऊन ठेवले. डावा उजवीकडे गेला असेल, मला काही दिसत नव्हतं. ठेवून नमस्कार केला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मॅटवर गेलो तो तेवढाच, आणि तोही कसा, ते आता तुम्हाला कळलं.

वहिनींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

आपला धाकटा,
सोपान

ता. क. आदिनाथ मळवलीला तालीम काढतो आहे. अर्ध्या शेडमध्ये मॅट अंथरली, अर्ध्यात लाल माती टाकून ठेवली. मातीत पोरांना पायाचे डाव कोण शिकवणार, विचारलं तर फावडं घेऊन माती सारखी करायला लागला. तो स्वतः बोलावणार नाही, तुम्ही आपणहून येणार नाही, म्हणून मी बोलावतो. रविवारी सकाळी या. घ्यायला येतो.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ती कुस्ती तुम्ही मागच्या खोलीत सृष्टीच्या मोबाईलवर बघितलीत, आणि आजवरच्या सगळ्याच तशा बघत आलात. मी बूट उचलले तेव्हा खुर्चीवरून उठलात म्हणे, आणि म्हणालात, "सोप्या, ठिव ते खाली." म्हणजे ती रीत मला माहीत नव्हती, तुम्हाला होती. तरी पत्र पाठवतो, लिहून झालंच आहे. रविवारी आंघोळ उरकून तयार राहा.