सहा फूट की नऊ फूट

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
४ फेब्रुवारी १९५७

ती. आप्पाकाकांस,
पुतणी कांता हिचा शि. सा. न. वि. वि.

तुमची कंबर अजून धरलेली आहे असे आईकडून कळले. तुम्ही गिरगावच्या तीन जिन्यांवरून खाली उतरू शकत नाही आणि परीक्षेमुळे मला ते चढायला सवड नाही, म्हणून हे पत्र. काम गंभीर आहे, तेव्हा माझ्या शुद्धलेखनावर खुणा करून ते परत पाठवू नये.

गेल्या मंगळवारी बाबा गिरणीत कापसाच्या गासडीची ट्रॉली रुळावरून ढकलत नेत होते. वळणापलीकडे बुधाजीकाकांची भरलेली ट्रॉली उभी होती. बाबांची तिच्यावर आदळली, दोघींचे जोडायचे लोखंडी आकडे एकमेकांत अडकले आणि दोन्ही मिळून पुढे गेल्या. बुधाजीकाकांच्या डाव्या पायाचे हाड मोडले. ते नायगावला घरी पडून आहेत.

गिरणीचे दोन नियम आहेत. ट्रॉली ताशी पाच मैलांहून जोरात ढकलायची नाही, आणि रुळावर ट्रॉली उभी करणाऱ्याने लाल झेंडा लावायचा. बुधाजीकाका म्हणतात, झेंडा लावला होता, धक्क्याने कुठेतरी गेला. लेबर ऑफिसर बाबांविषयी म्हणतात, गुणाजी नियमात असता तर झेंडा पाहून थांबला असता. म्हणजे बाबा नियमात होते असे ठरले तर झेंडा नव्हता, आणि ते जोरात होते असे ठरले तर दोष त्यांचा. दोघांपैकी एकाला कामावरून काढणार. चौकशी सोळा तारखेला, शनिवारी आहे. तोवर कोणाला लेखी काही द्यायचे असेल तर इंग्रजीत द्यावे, असे सांगितले आहे.

टक्कर चौघांनी पाहिली आणि चौघांनी चार वेग सांगितले. बाबांना विचारले तर म्हणतात, ट्रॉली ढकलणारा काय हातात घड्याळ धरून ढकलतो. पुन्हा विचारले तर बिडी ओढायला गॅलरीत जातात.

पण एक गोष्ट पक्की आहे. सुपरवायझरांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही ट्रॉल्या अडकवून, घड्याळ लावून पुन्हा ढकलून पाहिल्या. ज्या जागी त्या थांबल्या होत्या तिथवर जायला टकरीनंतर त्यांचा वेग सेकंदाला चार फूट असला पाहिजे. बाबांची ट्रॉली आठशे पौंडांची, बुधाजीकाकांची हजार पौंडांची. एवढ्यावरून बाबांचा टकरीआधीचा वेग काढता येतो, आणि हा धडा आम्हाला कॉलेजात झाला आहे. पाच मैल म्हणजे सेकंदाला सव्वासात फुटांहून किंचित जास्त.

आता घोटाळा ऐका. पुस्तकात एका पानावर आहे की वजन गुणिले वेग, म्हणजे मोमेंटम, टकरीआधी जेवढा तेवढाच नंतर. त्या रीतीने आठशे गुणिले वेग बरोबर अठराशे गुणिले चार. उत्तर नऊ. पुढच्या पानावर आहे की वजन गुणिले वेगाचा वर्ग, अर्धा करून, म्हणजे कायनेटिक एनर्जी, हीही टक्कर पूर्ण लवचीक असेल तर तेवढीच राहते. त्या रीतीने उत्तर सहा. सहा आले तर बाबा सुटतात, नऊ आले तर जातात. दोन्ही पाने एकाच माणसाने लिहिलेली आहेत. लोखंड लवचीक म्हणायचे की नाही, ते त्याने लिहिलेले नाही. प्राध्यापकांना विचारावे तर ते मुलींच्या बाकाकडे पाहतच नाहीत.

तुम्ही न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकलात. दोन वचनांत विरोध आला तर कोणते धरायचे ते तुम्हाला ठाऊक असणार. निवेदनही तुम्हीच इंग्रजीत लिहावे. काकूंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ उत्तराच्या आकड्यावर अवलंबून ठेवू नये, ही विनंती.

तुमची,
कांता


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
७ फेब्रुवारी १९५७

चि. कांता हिस अनेक आशीर्वाद.

कंबर आहे तिथेच आहे. ती हलत नाही, एवढीच तिच्याविषयी तक्रार.

तुझे गणित मी तीनदा केले. पहिल्यांदा उत्तर सतरा आले, ते मी तुझ्या काकूलाही दाखवले नाही. नंतर तुझे सहा आले आणि तुझे नऊही आले. माझ्या पन्नास वर्षांत एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे मी फक्त लग्नाच्या याद्या करताना पाहिली आहेत.

टकरीचा माझा अनुभव तोकडा. मी पाहिलेल्या टकरी म्हणजे शास्त्र्यांच्या वादसभा. तेथे दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने आदळतात आणि जितक्या आवेशाने आले तितक्याच आवेशाने आपापल्या गावी परत जातात. कोणाचे काही कमी होत नाही. तुझे पुस्तक ज्याला पूर्ण लवचीक म्हणते ते बहुधा हेच असावे. लोखंडाचे काय, ते मला ठाऊक नाही. मी लोखंडाशी कधी वाद घातलेला नाही.

तरीही निर्णय दिला पाहिजे, म्हणून देतो. जे आहे ते नाहीसे होत नाही, हे मी वयाच्या नवव्या वर्षापासून घोकत आलो आहे. आता तुझा नऊचा पक्ष घे. अर्धा दोन्हीकडे असल्याने सोडून दिला, तर टकरीआधी गुणाजीच्या ट्रॉलीत ऊर्जा चौसष्ट हजार आठशे, नंतर दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार आठशे. मधले छत्तीस हजार गेले कुठे? भरदिवसा, लालबागेत, चार साक्षीदारांसमोर छत्तीस हजार नाहीसे होतात आणि कोणी पाहत नाही, हे मला पटत नाही. म्हणून उत्तर सहा.

सहा आले की गुणाजी नियमात बसतो. हे कारण मी तर्कात धरलेले नाही, असे मी स्वतःला दोनदा बजावले आहे. एकदा पुरले नाही, म्हणून दोनदा.

निवेदन सोबत आहे. इंग्रजी जरा जड झाले आहे, पण साहेब लोकांना हलके इंग्रजी संशयास्पद वाटते. गुणाजीला म्हणावे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जा, पण घसा जपून घोषणा दे. महाराष्ट्र मिळेल तेव्हा बोलायलाही काही आवाज उरला पाहिजे.

आशीर्वादात काटछाट नाही, ते तू नऊ म्हणालीस तरी पूर्ण आहेत.

तुझा,
आप्पाकाका


॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
११ फेब्रुवारी १९५७

ती. आप्पाकाकांस,
कांताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा कागद मिळाला. मी तो त्याच संध्याकाळी बाबांच्या हातात दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आप्पानूंचे अक्षर अजून तसेच आहे, एवढेच म्हणाले. आई मात्र देवापुढे साखर ठेवून मोकळी झाली.

आणि मी रात्री तुमचा तर्क उलटा करून पाहिला. करायला नको होता. सहा धरले तर टकरीआधी मोमेंटम चार हजार आठशे. नंतर अठराशे गुणिले चार, म्हणजे सात हजार दोनशे. काका, जे आहे ते नाहीसे होत नाही हे मान्य. पण जे नव्हते ते कुठून आले? चोवीसशे कोणी आणून दिले?

आता दोन्हीकडून विरोध. म्हणून काल मी गॅलरीत प्रयोग केला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एकसारखी दोन वजने मागून आणली. कपड्यांच्या दांडीला दोन दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगली. एकाला कणकेचा गोळा चिकटवला, म्हणजे आदळल्यावर दोन्ही एकत्र राहतील. भिंतीवर खडूने खुणा केल्या. एक वजन सोळा बोटे उंच ओढून सोडायचे. तुमची रीत खरी असेल तर चिकटलेली जोडी आठ बोटे चढेल, नऊची रीत खरी असेल तर चारच. शेजारच्या शेवंतीमावशी विचारून गेल्या की ही कॉलेजात शिकते की कोणाची दृष्ट काढते.

चार चढली. चाराला थोडी कमीच. मी अकरा वेळा सोडले. दोन वेळा दोरा सुटला, नऊ वेळा चार.

प्रत्येक वेळी कणीक चेपत होती आणि मला ती पुन्हा गोल करावी लागत होती. सहाव्या की सातव्या वेळी माझ्या डोक्यात आले की तुमचे छत्तीस हजार इथेच आहेत. ते नाहीसे होत नाहीत, ते कणीक चेपण्यात जातात. गिरणीत ट्रॉलीचा तो आकडा वाकला आहे, काका, अंगठ्याएवढ्या जाडीचा. आणि आवाज एवढा झाला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसे उठून उभी राहिली. ऊर्जा तिथे गेली. ती पुस्तकातल्या रकान्यात सापडत नाही, एवढेच.

म्हणजे उत्तर नऊ. बाबा जोरात होते. तुमचा कागद चुकीचा आहे, आणि तो पुढे गेला तर बुधाजीकाका मोडक्या पायाने घरी बसतील ते कायमचे.

बाबा शेवटच्या दोन वेळा मागे उभे होते. मी म्हणाले, कॉलेजचे आहे. त्यांनी विचारले, किती चढायला हवे होते. मी सांगितले, एका रीतीने आठ, एका रीतीने चार. ते आत जाऊन जेवायला बसले. मला परीक्षेचे पुस्तक उघडवत नाही. खरे उत्तर आले की बरे वाटते, असे तुम्ही लहानपणी मला सांगत होता. ते कोणत्या गणिताबद्दल होते, ते लिहावे.

या पत्रावर रागावलात तरी पुढच्याला उत्तर द्यावे.

तुमची,
कांता


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
१३ फेब्रुवारी १९५७

चि. कांता हिस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. कालपासून कणकेविषयी विचार करतो आहे. तुझ्या काकूच्या परातीतून लिंबाएवढा गोळा घेऊन तो पाटावर आपटून पाहिला. चेपला. काकूने विचारले, काय चालले आहे. मी म्हणालो, सिद्धान्त तपासतो. ती म्हणाली, पोळी एक कमी मिळेल.

माझी चूक मला दिसली, आणि ती विज्ञानाची नाही. नाहीसे होत नाही, एवढे मी बरोबर म्हणत होतो. पण ते जिथे मला हवे तिथेच सापडले पाहिजे, असा हट्ट मी धरला. ऊर्जा आकड्यात गेली, आवाजात गेली, आणि तू लिहिले नाहीस ते मी लिहितो, बुधाजीच्या पायात गेली. तिला शोधायला मी कागदाबाहेर पाहिलेच नाही.

दुसरे निवेदन लिहायला काल बसलो. सहा लिहिताना लेखणी धावली होती. नऊ लिहिताना शाई वाळली. सव्वीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवताना मी मुलांना सांगत आलो की खरे असेल ते लिहा, पण ते शब्द चालवण्याविषयी होते, भावाविषयी नव्हते. लिहिले, फाडले, लिहिले. आता दुपारचे चार वाजले आहेत आणि टोपलीत पाच कागद आहेत.

मग विचार केला की दोन्ही कागद गुणाजीपुढे ठेवावेत आणि त्यानेच निवडावे. ते फार शहाणपणाचे वाटले, म्हणून संशय आला. माझे ओझे उचलून त्याच्या ट्रॉलीवर टाकायचे, एवढाच त्याचा अर्थ होता.

तेव्हा असे ठरवले आहे. शनिवारी मी कंबरेला पट्टा बांधून स्वतः येतो आणि माझी चूक माझ्या तोंडाने साहेबांना सांगतो. कोणत्या इंग्रजीत ते अजून ठरत नाही. गुणाजीला आधी सांगावे की नाही, तेही ठरत नाही. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडिलांनी मला शास्त्रीबुवांकडे ठेवले आणि त्याला गिरणीत धाडले, त्याबद्दल तो मला आजवर एक शब्द बोललेला नाही. आणि आता मी त्याच्या चौकशीत शिकलेला माणूस म्हणून जाणार.

तू विचारलेस, ते कोणत्या गणिताबद्दल होते. बहुधा सोप्या. पुस्तक उघड आणि अभ्यास कर.

तुझ्या नऊ फुटांसकट तुला माझे आशीर्वाद.

तुझा गोंधळलेला,
आप्पाकाका


॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
१७ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आप्पानू यांसी,
गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही काल पट्टा बांधून गिरणीच्या दारात तासभर उभे होता आणि वॉचमनने आत सोडले नाही, हे मला आज कांताकडून कळले. चौकशी होती शनिवारी, पण ती शुक्रवारीच संपली, म्हणून काल मी तिथे नव्हतो. नायगावला होतो. तुम्ही या कंबरेने यायला नको होते.

तुमचा कागद मी दिला नाही. तो माझ्या खिशातच आहे. इंग्रजी मला सगळे कळले नाही, पण जेवढे कळले त्यात लिहिले होते की गुणाजी बेताने चालत होता. आप्पानू, मी पळत होतो. त्या दिवशी पाच वाजता कामगार मैदानावर सभा होती. भोंग्याआधी शेवटची फेरी संपवायची होती. सहा फूट की नऊ फूट ते मला माहीत नाही, पण चालणारा आणि पळणारा यातला फरक पायांना कळतो. कांता विचारायची तेव्हा मी गॅलरीत जायचो. तिने वजने टांगली तेव्हा ती कशासाठी, हे मला लगेच कळले. पोरीने नऊ वेळा तेच उत्तर काढले आणि एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

शुक्रवारी दुपारी मी लेबर ऑफिसरकडे गेलो. त्यांना म्हणालो, मी पळत होतो, लिहून घ्या. त्यांनी विचारले, युनियनने सांगितले काय. मी म्हणालो, नाही. तर त्यांना काय लिहावे ते सुचेना. शेवटी ट्रॉलीवरून काढले, वीस दिवस बिनपगारी घरी बसवले, आणि नंतर गोदामात झाडूच्या कामावर घेणार आहेत. आपणहून सांगितले म्हणून कामावरून काढले नाही. बुधाजीची पगारी रजा मंजूर झाली.

ते सांगायला मी काल त्याच्याकडे गेलो. त्याची बायको रखमा, तिने चहा टाकला. बुधाजी आधी हसला, म्हणाला, तू पळतोस हे सगळ्या खात्याला माहीत आहे, एक तुझ्या शिकलेल्या भावाला सोडून. मग रखमा आत गेल्यावर हळूच म्हणाला की झेंडा त्याने लावलाच नव्हता. तो गासड्यांखाली होता, काढायचा कंटाळा केला.

आता सांगा. मी चालत असतो तरी आदळलो असतो काय, ते मला कळत नाही. झेंडा असता तर पळता पळता दिसला असता काय, तेही कळत नाही. दोघे चहा थंड होईपर्यंत त्यावर बोललो आणि काहीच ठरले नाही. त्याने विचारले, साहेबांना सांगू काय. मी म्हणालो, माझे होते ते मी सांगितले. तुझे तुझ्याकडे.

पुढच्या आठवड्यात त्याचे प्लास्टर दाखवायला दवाखान्यात न्यायचे आहे. मला तसेही काम नाही, मी नेणार आहे. त्याच्या चाळीचे जिने अरुंद आहेत, त्याला धरून सावकाश उतरावे लागेल.

वहिनींना नमस्कार. धाकट्याचे चुकले तरी धाकटा म्हणूनच धरावे.

तुमचा आज्ञाधारक,
गुणाजी