माझ्या पाटीला अत्तर लावू नये

मी, मथुरा बळवंत कोळी, वय एकाहत्तर, धंदा मासळीविक्री, राहणार खारदांडा, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने बाजारात येऊन माझ्याशी भाव करून बघावा. मला लिहिता येत नाही, म्हणून नात नेत्रा हिला बसवलंय. पोर हल्ली बोलत नाही, पण लिहिते.

१. राहतं घर नेत्राला. ती सज्ञान होईपर्यंत सून अक्षता सांभाळेल. मुलगा अल्पेश ते विकून बोरिवलीला जाऊ म्हणतो, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणून. शाळेत मुली नेत्राला ‘बोंबील’ म्हणतात, नाक दाबून लांब बसतात. यावर अल्पेशचा उपाय काय, तर घरात मासळी बंद आणि माझी मासळीची पाटी दाराबाहेर! अरे शहाण्या, पोरीला वाटलं ना, घरच्यांनाही आपला वास येतो! तेव्हापासून ती घासणीने हात घासते, रक्त येईस्तोवर. शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं. डबा तसाच परत येतो. वहीवर आडनाव घालत नाही. लिही गं, थांबू नको. लाज त्यांना वाटू दे.

२. माझे गोठ-पाटल्या मोडून नेत्राला मनाच्या डॉक्टरकडे न्यावं. त्याला जो ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणेल, त्याला माझ्या तेराव्याला वाढू नये.

३. वर्गशिक्षिका वनमालाबाई यांस काही नाही. तक्रार घेऊन गेले तर म्हणाल्या, “आजी, मुलं आहेत, चिडवणारच.” गॅदरिंगला कोळीनृत्य बसवलं तेव्हा मात्र माझी लुगडी आणि पाटी मागून नेली. त्याच मुली माझी लुगडी नेसून नाचल्या, पहिला नंबर आणला. आमच्या कोळ्याच्या पोरीला पडदा ओढायला उभं केलं! आणि पाटी परत आली ती अत्तर मारून. डोकंच फिरलं माझं. यापुढे त्या शाळेला घरातली चिंधीसुद्धा देऊ नये.

४. ती पाटी नेत्राला. धंदाच कर असं नाही, विमान चालव हवं तर. पण पाटी घरात राहील.

५. माझ्या मयताला अत्तर लावू नये. मी आहे तशी जाईन. नेत्राला लहान म्हणून बाहेर ठेवू नका, माझा हात धरू द्या.

ठिकाण: खारदांडा. दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

मथुरा बळवंत कोळी, डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार: माणिक वैती, शेजारीण (सही)
दशरथ तांडेल, होडीमालक (सही)

मथुराबाईंच्या सांगण्यावरून लिहिणार:
नेत्रा अल्पेश कोळी